तीन ठिणग्यांची गाडी

ज्यांच्या घरी एके काळी स्कूटर होती त्यांना स्पार्क प्लगची ओळख करून द्यायला नको. रविवारी सकाळी वडील मंडळी ती चिमुकली वस्तू बाहेर काढीत, पॉलिश कागदाने तिची काजळी घासून काढीत आणि मग दहाव्या लाथेला स्कूटर सुरू होई. पण रोटरी इंजिनाच्या शर्यतीच्या गाडीला प्लग निवडणे म्हणजे मुलीला स्थळ पाहण्याइतकेच नाजूक काम!

फेलिक्स वांकेल या जर्मन गृहस्थाच्या कल्पनेतले हे इंजिन १९५७ साली प्रथम फिरले. यात वरखाली होणारा दट्ट्या नाही. फुगीर बाजूंचा तिकोनी रोटर एका पोकळीत गरगर फिरतो. साध्या इंजिनात आत येणारे गार मिश्रण प्लगला जरा वारा घालून जाते. इथे मिश्रण येते एका अंगाने आणि जाळ होतो दुसऱ्या अंगाला. प्लग बिचारा कायम चुलीपाशी! त्यातून मिनिटाला ९,००० फेरे म्हटले की सेकंदाला १५० ठिणग्या.

म्हणून इथे 'थंड' प्लग लागतो. आतल्या चिनी मातीचे नाक आखूड, तो थंड. कारण उष्णता चटकन बाहेरच्या धातूत उतरते. नाक लांब, तो गरम. फार गरम घेतला तर तो लालबुंद होऊन ठिणगीची वाट न पाहताच मिश्रण पेटवतो. मग रोटरच्या टोकावरची पट्टी तुटली की इंजिनाचा निकाल! फार थंड घेतला तर काजळी जळून जात नाही. आणि या इंजिनात त्या पट्ट्यांसाठी तेल मुद्दामच आत सोडतात. प्लगचे टोक आत डोकावूनही चालत नाही, पट्टी त्यावरूनच घासत जाते.

दुकानात आणखी एक गंमत. एन.जी.के. या जपानी कंपनीचा आकडा वाढला की प्लग थंड. बॉश या जर्मन कंपनीचा वाढला की गरम! आकडा पाहून घाईने खरेदी करणाऱ्याचे देवच रक्षण करो.

बरे, प्लग एक पुरत नाही. जळण्याची जागा चाळीच्या गॅलरीसारखी लांब नि अरुंद. एका टोकाची ज्योत दुसऱ्या टोकाला वेळेत पोचत नाही. म्हणून रोटरमागे सहसा दोन प्लग असतात. माझ्दा कंपनीने ७८७-बी या चार रोटरांच्या गाडीला तीन-तीन दिले, एकूण बारा. जून १९९१ मध्ये फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत या ५५ क्रमांकाच्या गाडीने ३६२ फेऱ्या मारून पहिला नंबर पटकावला. जपानी कंपनीचा तो तिथला पहिलाच विजय. १९९२ पासून नियम बदलून रोटरीला मज्जाव झाला.

शेवटच्या टप्प्यात गाडी हाकणारा जॉनी हर्बर्ट मात्र उतरताच कोसळला, आणि त्याच्या दोघा जोडीदारांना त्याच्यावाचूनच सत्कार घ्यावा लागला.