मैदान कोणाचे?

अर्थशास्त्राच्या कोणत्याही प्राथमिक पुस्तकात उत्पादनाच्या घटकांची गणना भूमीपासून सुरू होते. भूमी ही निसर्गाची देणगी आहे, तिचा पुरवठा वाढविता येत नाही आणि म्हणून तिच्या मालकाला खंड मिळतो, असे आम्ही प्राध्यापक मंडळी वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना सांगत आलो आहोत. परंतु एखाद्या जागेला मोल येते ते तिच्या मालकामुळे की तिचा वापर करणाऱ्यांमुळे, हा प्रश्न परीक्षेत सहसा विचारला जात नाही. तो ज्या एका जागेने सव्वाशेहून अधिक वर्षांत तीन वेळा, आणि प्रत्येक वेळी निराळ्या रूपात, उभा केला ती जागा म्हणजे इंग्लंडमधील लिव्हरपूल शहराच्या उत्तर भागातील गुडिसन पार्क हे फुटबॉलचे मैदान होय. एव्हर्टन क्लबाचा पुरुष संघ १८९२ पासून तेथे खेळत होता. १८ मे २०२५ रोजी साउदॅम्प्टनविरुद्धचा सामना दोन-शून्य असा जिंकून त्याने या मैदानाचा निरोप घेतला. १३३ वर्षांचा हा संसार कसा उभा राहिला, आणि तो हलविताना काय टाकून द्यावयाचे व काय राखावयाचे याचा निर्णय कसा झाला, हे पाहणे केवळ फुटबॉलच्या शौकिनांपुरते महत्त्वाचे नाही.

भाड्याचा तंटा

लिव्हरपूलचे नाव मुंबईला परके नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, मुंबईचा कापूस मोठ्या प्रमाणावर याच बंदरात उतरत होता. त्या कापसाने मुंबईत आणलेली तेजी आणि युद्ध संपताच कोसळलेला बाजार हा आपल्या आर्थिक इतिहासातील परिचित अध्याय आहे. गोदी आणि गोदामे यांच्या या शहरात १८७८ साली सेंट डोमिंगो या मेथडिस्ट प्रार्थनामंदिरातील मंडळींनी फुटबॉलचा संघ काढला. पुढच्याच वर्षी त्याचे नाव एव्हर्टन असे झाले. १८८४ पासून हा संघ ॲनफिल्ड येथील मैदानावर खेळू लागला आणि १८८८ मध्ये सुरू झालेल्या फुटबॉल लीगच्या बारा संस्थापक क्लबांत त्याची गणना झाली.

ॲनफिल्डची जागा पुढे जॉन हूल्डिंग यांच्या मालकीची झाली. हूल्डिंग हे मद्यनिर्मितीच्या धंद्यातील गृहस्थ, शहरातील एक पुढारी आणि खुद्द क्लबाचे अध्यक्षही. संघाचा लौकिक वाढला, प्रेक्षक वाढले, आणि त्याबरोबर शंभर पौंडांचे वार्षिक भाडे वाढत वाढत अडीचशे पौंडांवर गेले. पुढे, क्लबाने जागाच विकत घ्यावी असा आग्रह सुरू झाला, आणि त्यासाठी सुचविलेल्या अटी बहुसंख्य सभासदांना मालकाच्या फायद्याच्या वाटल्या. रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत ज्यांनी वाचला आहे त्यांना या व्यवहाराचे मर्म चटकन ध्यानी येईल. खंड वाढल्यामुळे धान्याचा भाव चढत नाही. धान्याचा भाव चढल्यामुळे खंड वाढतो. ॲनफिल्डचे भाडे मातीमुळे वाढले नव्हते. त्या मातीवर खेळणाऱ्यांनी आणि त्यांना पाहण्यासाठी पदरचे पैसे मोडून येणाऱ्यांनी ते वाढविले होते.

१८९२ मध्ये सभासदांनी याचे उत्तर दिले. प्रार्थनामंदिरात ऑर्गन वाजविणारे जॉर्ज मॅहन यांच्या नेतृत्वाखाली क्लबाने ॲनफिल्ड सोडले, जवळच मिअर ग्रीन येथील ओसाड जागा घेतली, आणि डॉ. जेम्स बॅक्स्टर या समिती-सदस्याने दिलेल्या एक हजार पौंडांच्या बिनव्याजी कर्जाच्या आधाराने तेथे नवे मैदान उभारले. २४ ऑगस्ट १८९२ रोजी लॉर्ड किनेर्ड यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्या दिवशी फुटबॉलचा सामना झालाच नाही. धावण्याच्या शर्यती व शोभेची दारू यांवरच समारंभ साजरा झाला. इकडे हूल्डिंग यांच्या हाती रिकामे मैदान उरले. त्या मैदानासाठी त्यांनी नवा क्लब स्थापन केला, तोच आजचा लिव्हरपूल फुटबॉल क्लब. वापरणारे निघून गेले की मालकीचा कागद किती निरुपयोगी ठरतो, याचे याहून चांगले उदाहरण पाठ्यपुस्तकात सापडणे कठीण.

वस्तीतील मैदान

गुडिसन पार्क हे खास फुटबॉलसाठी बांधलेल्या इंग्लंडमधील अगदी पहिल्या मोठ्या मैदानांपैकी एक. १८९४ चा एफ. ए. चषकाचा अंतिम सामना येथे झाला. पुढे आर्चिबाल्ड लीच या स्कॉटिश अभियंत्याच्या आराखड्यांनुसार प्रेक्षागारे उभी राहिली. सज्ज्याच्या दर्शनी भागावरील लोखंडी पट्ट्यांची तिरपी जाळी ही त्याच्या कामाची खूण. १९३८ मध्ये ग्लॅडिस स्ट्रीटच्या बाजूचे प्रेक्षागार पूर्ण झाले, तेव्हा चारही बाजूंना दुमजली प्रेक्षागारे असलेले हे ब्रिटनमधील पहिले मैदान ठरले.

परंतु या वास्तूचा स्वभाव तिच्या उंचीत नव्हता. चहूबाजूंनी कामगारांच्या घरांच्या रांगा, आणि एका कोपऱ्यात दोन प्रेक्षागारांच्या मध्ये उभे असलेले सेंट ल्यूकचे चर्च, अशा दाटीत हे मैदान वसले होते. येथे यावयाचे म्हणजे वस्तीतूनच यावयाचे; शेजाऱ्याच्या दारावरून, खानावळीवरून आणि मद्यगृहावरून. सामन्याच्या दिवशी या साऱ्यांच्या गल्ल्यात जे चार पैसे पडत ते क्लबाच्या ताळेबंदात कधीच दिसले नाहीत. अर्थशास्त्रात यालाच बाह्य लाभ म्हणतात. मैदानालाही वस्तीकडून असेच काही मिळत होते. १८ सप्टेंबर १९४८ रोजी लिव्हरपूलविरुद्धच्या सामन्याला ७८,२९९ प्रेक्षक आले, तो येथील उच्चांक. १९६६ च्या विश्वचषकातील पाच सामने येथे झाले. त्यांपैकी एकात उत्तर कोरियाविरुद्ध तीन गोलांनी मागे पडलेल्या पोर्तुगालने, युसेबियोच्या चार गोलांच्या बळावर, पाच-तीन असा विजय मिळविला. १९२७-२८ च्या हंगामात लीगमध्ये साठ गोल करणारा डिक्सी डीन याच मैदानाचा मानकरी. १ मार्च १९८० रोजी येथेच एव्हर्टन-लिव्हरपूल सामना पाहत असताना त्याचे निधन झाले. आपल्या माणसाची रक्षा मैदानाच्या कडेच्या मातीत ठेवावी, अशी कुटुंबांची विनंती क्लब अनेक वर्षे मान्य करीत असे. पुढे जागाच उरली नाही म्हणून २००४ पासून ती नाकारावी लागली. ज्या जमिनीत माणसे आपल्या आप्तांची रक्षा ठेवतात तिचा बाजारभाव काढता येतो, परंतु त्या आकड्यात सारे काही आले असे म्हणणे धारिष्ट्याचे होईल.

त्रेपन्न हजार प्रेक्षक आणि एक बंदी

मैदान कोणाचे, हा प्रश्न दुसऱ्यांदा आला तो अधिक कठोर रूपात. पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले आणि स्त्रिया कारखान्यांत आल्या. प्रेस्टन येथील डिक, कर या कारखान्यातील कामगार स्त्रियांनी १९१७ मध्ये संघ काढला व धर्मादाय कार्यासाठी सामने खेळण्यास प्रारंभ केला. २६ डिसेंबर १९२० रोजी गुडिसन पार्कवर या संघाने सेंट हेलेन्सच्या स्त्रियांच्या संघाला चार-शून्य असे हरविले. सामन्याला सुमारे ५३ हजार प्रेक्षक होते, आणि जागेअभावी हजारोंना बाहेरूनच परतावे लागले.

मागणी नव्हती असे म्हणावयास येथे तिळमात्र जागा नाही. तरीही वर्ष उलटण्यापूर्वीच, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने आपल्या सदस्य क्लबांना स्त्रियांच्या सामन्यांसाठी मैदाने देण्यास मनाई केली. हा खेळ स्त्रियांना योग्य नाही, हे एक कारण. जमलेल्या पैशातील फार मोठा भाग खर्चापोटी जातो, हे दुसरे. या बंदीची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. स्त्रियांना खेळू नका असे सांगण्याचा अधिकार असोसिएशनला नव्हता. म्हणून तिने त्यांच्या पायाखालची जागा काढून घेतली. जवळजवळ अर्धशतक ही बंदी टिकली. स्त्रियांच्या फुटबॉलला प्रेक्षक नाहीत, असे पुढच्या पिढ्यांना स्वाभाविक वाटू लागले, ते याच बंदीचे फळ. प्रथम दुकान बंद करावयाचे आणि मग गिऱ्हाईक फिरकत नाही असा निष्कर्ष काढावयाचा, या तर्काला अर्थशास्त्रात तरी आधार नाही.

स्थलांतराचा हिशेब

तिसरा प्रसंग आपल्या डोळ्यांसमोरचा. पुरुष संघाने गुडिसन सोडणे चुकीचे होते, असे म्हणण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतू नाही. जुन्या प्रेक्षागारांत लाकडाचा वापर बराच होता, आणि खांबांमागे बसलेल्यास अर्धा सामना मान वाकवून पाहावा लागे. १९८५ मध्ये ब्रॅडफर्ड येथे लाकडी प्रेक्षागाराला लागलेल्या आगीत ५६ जणांचा बळी गेला. १९८९ च्या हिल्सबरो दुर्घटनेने अखेरीस ९७ जीव घेतले. त्यानंतर वरच्या श्रेणीतील मैदानांवर प्रत्येकास बसावयास जागा हवी असा नियम आला आणि गुडिसनची क्षमता चाळीस हजारांच्या आत आली. भोवती घरे असल्याने विस्ताराला वाव नव्हता. ज्या दाटीने या मैदानाला त्याचा स्वभाव दिला, तीच त्याची मर्यादा ठरली. जुन्याच्या मोहापायी सुरक्षिततेचा विचार दूर सारणे हे रसिकतेचे लक्षण नव्हे.

नवे घर शोधण्याचे दोन प्रयत्न फसले: किंग्ज डॉकची योजना २००३ मध्ये पैशाअभावी बारगळली, आणि कर्कबी येथील योजना २००९ मध्ये सरकारने फेटाळली. अखेर १८४८ साली खुल्या झालेल्या ब्रॅमली-मूर या गोदीची निवड झाली. समुद्रतळातून काढलेल्या वाळूने गोदी भरून तीवर जवळपास ५३ हजार प्रेक्षकांचे स्टेडियम उभे राहिले. त्याची किंमत केवळ पौंडांत मोजून भागणार नाही. लिव्हरपूलच्या गोदी-परिसराला मिळालेला जागतिक वारशाचा दर्जा युनेस्कोने जुलै २०२१ मध्ये काढून घेतला, त्याच्या कारणांत या बांधकामाचाही उल्लेख होता. आर्थिक नियमांचा भंग झाल्याबद्दल २०२३-२४ च्या हंगामात क्लबाचे एकूण आठ गुण कापले गेले. स्टेडियमसाठी म्हणून दाखविलेल्या कर्जाचे व्याज कोणत्या खात्यात धरावे, हा त्या प्रकरणातील वादाचा एक मुद्दा होता. नव्या स्टेडियमला रस्त्याचे नव्हे, तर एका विधिसल्लागार कंपनीचे नाव आहे, कारण आता नावही विकता येते. या स्टेडियमवरील पहिला लीग सामना २४ ऑगस्ट २०२५ रोजी झाला. १३३ वर्षांपूर्वी गुडिसनचे उद्घाटन याच तारखेला झाले होते.

मग जुन्या मैदानाचे काय? मूळ योजनेनुसार ते पाडून तेथे घरे व सार्वजनिक सोयी व्हावयाच्या होत्या. ती योजना वाईट नव्हती. उत्तर लिव्हरपूलच्या गरीब वस्तीला त्यांची गरज आहेच. परंतु मे २०२५ मध्ये, डिसेंबर २०२४ पासून क्लबाची सूत्रे हाती असलेल्या नव्या मालकांनी निर्णय बदलला, आणि २०२५-२६ च्या हंगामापासून गुडिसन पार्क हे एव्हर्टनच्या महिला संघाचे कायमचे मैदान झाले. १९२१ मध्ये ज्यांच्यासाठी हे दार बंद झाले, त्यांच्याच वारसदार आता त्या घराच्या यजमान आहेत.

या निर्णयाकडे केवळ भावनेचा विजय म्हणून पाहू नये. प्रेक्षागारांवर झालेला खर्च कधीच होऊन गेला आहे. ती पाडल्याने तो परत येणार नाही. विचार करावयाचा तो पुढील देखभालीचा, आणि जागेच्या दुसऱ्या संभाव्य उपयोगाचा. महिला संघाचे पूर्वीचे मैदान जेमतेम दोन हजारांवर प्रेक्षक सामावणारे होते. जागाच तेवढी असेल तर प्रेक्षक त्याहून अधिक होणार कसे? पुरवठा अडवून ठेवल्याने मागणी दबली, असे आपण मानत असू, तर पुरवठा खुला करून मागणी वाढते की नाही हे पाहण्याचा हा प्रामाणिक प्रयोग आहे. अर्थात प्रयोग फसूही शकतो. मोठे मैदान रिकामे दिसू लागले आणि देखभालीचा बोजा वाढला, तर पाडण्याची भाषा पुन्हा सुरू होईल. म्हणून तिकिटाचा दर वस्तीतील माणसाच्या खिशाला परवडतो की नाही, शाळकरी मुलींना तेथे येता येते की नाही, आणि शेजारचा दुकानदार पूर्वीसारखा सामन्याच्या दिवसाची वाट पाहतो की नाही, या गोष्टी दोन-चार हंगाम तरी धीराने पाहावयास हव्यात. एका हंगामाच्या आकड्यांवरून निकाल देणे म्हणजे १९२१ चीच घाई पुन्हा करणे होय.

मैदान कोणाचे, या प्रश्नाला सात-बाराचा उतारा वा खरेदीखत एक उत्तर देते, आणि कायद्याच्या दृष्टीने ते पुरेसेही असते. १८९२ मध्ये हूल्डिंग यांच्यापाशी तो कागद होता, तरी त्यांचे मैदान रिकामे झाले. १९२१ मध्ये अधिकार असोसिएशनपाशी होता, आणि तिने भरलेले मैदान रिकामे करविले. आजचा कागद आजच्या मालकांपाशी आहे. कोणत्याही गावातील मोकळ्या मैदानाचा प्रस्ताव जेव्हा नगरसंस्थेच्या टेबलावर येतो, तेव्हा जागेचा भाव किती, हा प्रश्न प्रथम विचारला जातो. तेथे रोज कोण येते, कोणाला आजवर येऊ दिले नाही आणि ते गेले तर भाव कशाचा उरेल, हे प्रश्नही त्याच टेबलावर ठेवण्याची सवय आपण नागरिकांनी लावून घेतली पाहिजे.