हत्यार की अवजार?

परग्रहावरचे जीव पृथ्वीवर उतरले म्हणजे हॉलीवूडच्या चित्रपटात अर्ध्या तासाच्या आत तोफा धडाडू लागतात. कॅनडाचे दिग्दर्शक डेनी व्हिलनव यांचा २०१६ सालचा 'अरायव्हल' या जातीतला नाही. टेड चँग यांच्या १९९८ सालच्या कथेवर बेतलेल्या या चित्रपटात जगाला वाचवते ती भाषाशास्त्राची एक प्राध्यापिका. कोर्टात रोज शब्दांचा कीस पाडणाऱ्या माझ्यासारख्या वकिलाला तो घरचाच वाटला.

जगात बारा ठिकाणी बारा प्रचंड याने येऊन थांबतात. त्यांपैकी एक अमेरिकेच्या मोंटाना राज्यात. आतल्या सात पायांच्या जीवांशी बोलण्यासाठी लष्कर लुईस बँक्सला घेऊन येते. ती त्यांना साधेसाधे शब्द शिकवू लागते. कर्नल वेबरला मात्र घाई आहे. मुद्द्याचे विचारायचे सोडून ही बाई शाळा काय भरवते आहे, असे त्याला वाटते. तेव्हा ती फळ्यावर 'पृथ्वीवर येण्यामागे तुमचा हेतू काय?' एवढेच वाक्य लिहिते आणि ते सोलून दाखवते. प्रश्न म्हणजे काय हे त्यांना आधी कळले पाहिजे. 'तुमचा' म्हणजे समोरच्या एकट्याचा की साऱ्या जमातीचा, हे कळले पाहिजे. हेतू म्हणजे काय हे कळले पाहिजे. आणि त्यांनी दिलेले उत्तर समजण्याइतके शब्द आपल्यापाशी हवेत.

मराठी माणसाला हा पेच सांगावा लागू नये. 'तुम्ही' आपण एकाला मान देऊनही म्हणतो आणि जमावालाही म्हणतो. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटले की तो आत येतो. व्यासपीठावरचा पाहुणा 'आपला समाज' म्हणतो की 'तुमचा समाज' म्हणतो, यावरून तो कुठे उभा आहे हे शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही कळते.

चित्रपटाचा सारा कडेलोट एका शब्दावर येऊन ठेपतो. परग्रहवासीयांच्या उत्तराचा अर्थ लागतो, 'हत्यार देऊ करतो.' झाले! देशादेशांतला संपर्क तुटतो. चीनचे जनरल शांग हल्ल्याच्या तयारीला लागतात. लुईस सांगत राहते, की शस्त्र आणि अवजार हा भेद त्यांना ठाऊक आहे की नाही हेच आपल्याला माहीत नाही. इंग्रजीत या दोहोंना दोन शब्द आहेत. मराठीत सुताराच्या पिशवीतही हत्यारे असतात आणि पोलिसांच्या मुद्देमालातही हत्यारच असते.

माझ्या वकिलीत मी हे पाहत आलो आहे. बांधावर भांडण होते. मजुराच्या हातात विळा असतो, कारण तो कापणीला आलेला असतो. पंचनाम्यात लिहिले जाते, 'आरोपीकडून हत्यार जप्त.' त्या घटकेपासून तो विळा कापणीचा राहत नाही. जुन्या दंड संहितेचे कलम ३२४ असो की १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ११८, कापण्याच्या साधनाने दुखापत केली तर शिक्षा जास्त आहे. असावी, त्याला हरकत नाही. पण ते साधन हातात का होते हे विचारण्याआधीच त्याचे नाव ठरून गेलेले असते, आणि ते नाव ठेवणारा त्या बांधावर हजर नसतो. पुढे अपील उच्च न्यायालयात गेले, की संविधानाच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे तिथले कामकाज इंग्रजीतून. साक्षीदार बोलला त्याच्या बोलीत, नोंद झाली कोर्टाच्या मराठीत, वाचली गेली इंग्रजीत. तीन पायऱ्यांत काय काय सांडले याचा पंचनामा कोणी करीत नाही.

चित्रपटात एक संस्कृत शब्दही येतो. कर्नल दुसऱ्या एका विद्वानाकडे निघालेला असतो. लुईस म्हणते, त्याला युद्धाचा संस्कृत शब्द आणि त्याचा अर्थ विचारा. विद्वान शब्द सांगतो 'गविष्टि' आणि अर्थ देतो, वाद. लुईस अर्थ देते, अधिक गायींची इच्छा. शब्द फोडताच लढाईचे कारण बाहेर पडते! वेदांचे गोडवे गाणाऱ्या किती जणांनी तो फोडून पाहिला असेल, कोण जाणे.

आता काळाविषयी. या जीवांची लिपी वर्तुळाकार आहे, तिला आरंभ नाही की शेवट नाही. ती शिकता शिकता लुईसला पुढचे आयुष्य आठवू लागते. तिला मुलगी होणार आहे आणि ती मुलगी आजाराने तरुणपणीच जाणार आहे. भाषा विचाराला वळण लावते हे सौम्य रूपात भाषाशास्त्रज्ञही मानतात. तिने भविष्य दिसते, ही मात्र कथेची मौज समजावी.

इथे माझे पाऊल अडते. सगळे आधीच लिहिलेले असेल तर हा मक्खली गोसालाचा नियतिवाद झाला. बुद्धांनी तो नाकारला, कारण त्यात माणसाच्या प्रयत्नाला जागाच उरत नाही. आपल्या लोकांना 'कपाळी लिहिलेले' सांगून किती पिढ्या बसवून ठेवले, हे आपण विसरू नये. तरी लुईसला मी त्या पंगतीत बसवणार नाही. पुढचे दिसले म्हणून ती हात जोडून बसत नाही. शांग यांचा खाजगी नंबर तिला भविष्यातल्या भेटीतून कळतो आणि ती बंदुका रोखलेल्या असताना फोन लावते. हल्ला थांबतो. तो फोनही ठरलेलाच होता का, याचे उत्तर चित्रपट देत नाही.

मुलीबाबतही ती जाणूनबुजून होकार देते. नवऱ्याला, इयानला, मात्र ती ते नंतर सांगते आणि तो सोडून जातो. यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. माझी पत्नी लुईसच्या बाजूने आहे. जे आयुष्य मिळणार ते दुःखासकट घेणे यात धैर्य आहे, असे ती म्हणते. धैर्य आहेच. पण मूल दोघांचे होते आणि माहिती एकटीपाशी होती. वस्तुस्थिती लपवून मिळवलेल्या संमतीला मी कोर्टात संमती मानू दिली नसती.