आधी आकडा सांगा, मग सही मागा

निरवांगीहून सीटी स्कॅनसाठी बारामती गाठणाऱ्या आपल्या किती अब्बा-अम्मींना तो इंग्रजी कागद वाचता येतो? ‘इथे सही करा’ म्हटलं की विषय संपला. न वाचता ‘आय ॲग्री’ दाबायची सवय आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांनीच लोकांना लावली, ते सोडा. इथे शिरेतून आयोडीनचा डाय जातो आणि तो बाहेर टाकायचं काम किडनी करते.

म्हणून घाबरून स्कॅन टाळू नका. ही भीती फुगवली गेली होती, असं अमेरिकेतल्या रेडिओलॉजी आणि किडनीच्या संस्थांनीच 2020 मध्ये मिळून सांगितलं. खरी काळजी ईजीएफआर 30 च्या खाली असणाऱ्यांची. त्यांना आधी सलाईन देतात. पण तो आकडा क्रिएटिनिन तपासल्याशिवाय कळणार कसा? जुन्या शुगरवाल्याची किडनी कुरकुर न करता खराब होते. मेटफॉर्मिन थांबवायची का, हेही त्याच आकड्यावर ठरतं. अगदी तातडीची वेळ सोडली, तर ही साधी रक्ततपासणी टाळायला कारण नाही.

समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्येच बजावलंय की, पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमतीच खरी. मग कागद मराठीत का नाही? अब्बांसोबत जाल तेव्हा काउंटरवर हे विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत पेन आपल्या खिशात ठेवा.