चिखलाशी भांडण

परभणीची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि चाकाला डिंकासारखी चिकटते. यंदाच्या भाद्रपदात आजारी आईला दवाखान्यात नेताना गंगाखेडच्या आडवाटेवर आमची मोटार रुतली. मी इरेला पेटून अ‍ॅक्सिलरेटर दाबला. चाके जागीच फिरून आणखी खोल गेली.

बैलजोडी घेऊन येणारा शेतकरी म्हणाला, "साहेब, आधी तिला उगी राहू द्या."

त्याने चाकांपुढचा चिखल उकरला, तुराट्या अंथरल्या. दोर बंपरला नव्हे, खालच्या सांगाड्याच्या कडीला बांधला. बंपर उपटून हाती येतो म्हणे! बैलांनी हिसका न देता ओढले, मी दुसऱ्या गिअरात क्लच हलकेच सोडला. गाडी निघाली; पत्र्यावर ओरखडाही नाही.

आई क्षीण हसली, "तुझे वडीलही असेच चिखलाशी भांडायचे!"