वारशाचा खेळ कोणी मांडावा?

नागपूरहून ताडोबाच्या मोहर्ली प्रवेशद्वाराकडे धावणाऱ्या कितीतरी गाड्या भद्रावतीवरून जातात. तेथील विजासनच्या टेकडीत बौद्ध लेणी कोरलेली आहेत. परंतु त्यांच्यासाठी थांबणारी गाडी विरळाच. वाघ दिसला तर सहल सफल, न दिसला तर पैसे पाण्यात, असा पर्यटकाचा सरळ हिशेब असतो. चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट, वैनगंगेकाठचे मार्कंडा, सिरोंचा तालुक्यातील वडधमचे अश्मीभूत वृक्ष या हिशेबात बसत नाहीत. अशा पर्यटकाला खेळाच्या ओढीने या स्थळांपर्यंत आणावे, ही कल्पना त्यामुळे हसण्यावारी नेण्याजोगी खचितच नाही.

खेळातून शिकवण्याचे महाराष्ट्राला वावडे नाही. सापशिडीचा मोक्षपट परंपरेने ज्ञानेश्वरांच्याच नावाशी जोडला जातो. नवे आहे ते साधन. मे २००० मध्ये अमेरिकेने उपग्रहाधारित स्थाननिश्चितीतील हेतुपुरस्सर ठेवलेली चूक काढून टाकली आणि काही दिवसांतच तेथील ऑरेगन राज्यात लपवलेली वस्तू हुडकण्याचा खेळ सुरू झाला. २०१६ मध्ये ‘पोकेमॉन गो’ने जगभरच्या तरुणांना मोबाइल हाती धरून रस्तोरस्ती हिंडवले. पण त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या ज्यूसंहार स्मारक संग्रहालयाला, येथे हा खेळ खेळू नका, असे विनवावे लागले. आणि देवळांत खेळातील अंडी दिसतात म्हणून प्रकरण गुजरात उच्च न्यायालयापर्यंत गेले.

यापेक्षाही मोठी गोम निराळी आहे. त्या खेळातील स्थळे बव्हंशी त्याच कंपनीच्या आधीच्या खेळातून आली होती आणि तेथे ती खेळाडूंनीच सुचवलेली होती. जेथे खेळाडू नाहीत, तेथे स्थळेही नाहीत! हाच न्याय गडचिरोलीला लागला, तर मुळात प्रसिद्ध असलेली चार ठिकाणे अधिक प्रसिद्ध होतील आणि उरलेला जिल्हा नकाशावर कोराच राहील. तेव्हा प्रश्न यंत्राचा नसून खुणा कोण मांडणार याचा आहे.

हे काम स्थानिक शाळांचे आहे. गुण मोजण्याच्या घाईत पाहणेच राहून जाते, हा अशा खेळांचा मोठा दोष. त्यावर उतारा म्हणजे पाहिल्यावाचून उत्तर देता येणार नाही असा प्रश्न. चंद्रपूरच्या जटपुरा दरवाजावरील सिंहाच्या पंजाखाली कोणता प्राणी आहे? मार्कंड्याला वैनगंगा कोणत्या दिशेला वाहते? असे प्रश्न मुंबई-पुण्यातील कचेरीत बसून सुचायचे नाहीत. ज्यांनी २०१७ मध्ये ‘इको-प्रो’ संस्थेच्या मोहिमेत परकोटाच्या बुरुजांवरची झुडपे स्वतःच्या हातांनी उपटली, त्या चंद्रपूरच्या तरुणांना मात्र ते सहज सुचतील.

काही स्थळे खेळात येताच कामा नयेत. माडिया-गोंडांची देवस्थाने, मृतांच्या स्मरणार्थ उभारलेले दगड, गोटुल ही गुण मिळवण्याची ठिकाणे नव्हेत. कोणते स्थळ दाखवायचे आणि कोणते नाही, हा निर्णय ग्रामसभेचा असावा, आणि तिचा नकार अंतिम मानला जावा. ज्या जिल्ह्यात मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून आपले जंगल स्वतः सांभाळून दाखवले, तेथे हा अधिकार देण्यास कोणी कचरण्याचे कारण नाही.

राहता राहिली अडचण मोबाइलच्या संपर्काची. अरण्यात तो कोठे आहे, कोठे नाही. म्हणून नकाशा निघण्यापूर्वीच उतरवून घेता यावा आणि जोडीला कागदी पत्रिका असावी. जपानच्या रेल्वे स्थानकांवर प्रवासी वहीत शिक्के गोळा करतात. तसाच शिक्का येथे गावच्या शाळेत वा ग्रामपंचायतीत मिळावा. तो घ्यायला पर्यटक पाच मिनिटे थांबेल, कोणाशी तरी दोन शब्द बोलेल, कदाचित गावातल्याच एखाद्या मुलाला योग्य मोबदला देऊन वाटाड्या म्हणून बरोबर घेईल. शासनाची योजना, निविदा आणि उद्घाटन यथावकाश होईलच. पहिल्या फेरीला एक रबरी शिक्का आणि शाईची गादी पुरेशी आहे.