पावतीची मागली बाजू

नवरात्र बसलें कीं आमच्या सुशिक्षित कुटुंबांतून एक प्रश्न ऐकूं येऊं लागतो: चांगलें आणि स्वस्त कुरियर कोणतें? मुलगा न्यू जर्सींत, मुलगी बंगळुरांत, आत्याबाई राजापूर तालुक्यांतल्या एकाद्या वाडीवर. कोणाला फराळ धाडावयाचा असतो, कोणाला साडी, कोणाला दिवाळी अंक. प्रश्न अगदीं रास्त आहे. परंतु त्याला जें उत्तर मिळतें, व ज्या समाधानानें तें ऐकून घेतलें जातें, त्यांत विचाराचा लेशही नसतो. शेजारच्या वहिनी एका कंपनीचें नांव सांगतात, कारण त्यांचें पार्सल गेल्या वर्षीं पांच दिवसांत पोंचलें. समोरचे तात्या त्याच कंपनीस लाखोली वाहतात, कारण त्यांचा डबा फुटला. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एकाच भांड्यांत शिजतो. पार्सलें तशीं एका भांड्यांत शिजत नाहींत. आणि मौज ही कीं, वहिनींनीं काय किंवा तात्यांनीं काय, हातांत पडलेली पावती उलटून पाहिलेलीच नसते.

आमचें मत असें आहे कीं, स्वस्त कोण आणि जलद कोण हे दोन्ही प्रश्न दुय्यम होत. माल गहाळ झाला तर उत्तर कोण देणार आणि किती देणार, हा पहिला प्रश्न. तो पावतीच्या मागल्या बाजूस, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत सोडविलेला असतो. भरपाईची रक्कम तेथें एका ठराविक आंकड्यावर बांधून टाकलेली असते, आणि पुष्कळदां ती आपण भरलेल्या भाड्याहून फारशी मोठी नसते. यावर असें म्हणणारे भेटतात कीं, एवढी मोठी कंपनी एका साडीसाठीं पळून जाणार आहे काय? कंपनी पळून जात नाहीं. तिला पळण्याची गरजच उरलेली नसते. तिची सुटका आपण आपल्याच सहीनें आधीं करून दिलेली असते. सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं एका कुरियर कंपनीविरुद्धच्या दाव्यांत हेंच सांगितलें. जर्मनीस पाठविलेल्या मालासंबंधींचें पुडकें वेळेवर पोंचलें नाहीं, व्यापाऱ्यास मोठी खोट आली. परंतु पावतीवर १०० डॉलरांची मर्यादा छापलेली होती व पाठविणाराची तिच्याखालीं सही होती. न्यायालयानें ती मर्यादा मान्य केली. तेव्हांपासून तीस वर्षें लोटलीं, तरी आम्ही आमच्या पदव्यांसह डोळे मिटून सह्या करीतच आहोंत.

ह्याहून अधिक झोंबणारी गोष्ट पुढेंच आहे. वस्तूची किंमत लिहावयाची वेळ आली कीं आमच्या वर्गाची सत्यनिष्ठा एकाएकीं पातळ होते. जकात वांचावी, विम्याचे चार पैसे वांचावे, म्हणून आठ हजारांची पैठणी "वापरलेलें कापड, किंमत ५०० रुपये" ह्या नांवानें रवाना होते. ती हरवली म्हणजे मात्र आठ हजारांचा हिशेब घेऊन आम्ही खिडकीशीं उभे राहतों. लिहून दिलेल्या किमतीपलीकडे दमडी मिळणार नाहीं हें ऐकल्यावर लुटलों गेल्याची हाकाटी करतों. लुटलें कोणी? अमेरिकेच्या अन्न व औषध खात्याच्या नियमांत, घरीं स्वतः केलेला पदार्थ स्वतःच भेट म्हणून धाडणारास आगाऊ सूचनेची अट माफ आहे. ही सवलत गृहिणीच्या कष्टांसाठीं आहे. दुकानांतून आणलेला चिवडा "घरचा" म्हणून लिहून देणारे तिच्यावर आपला हक्क सांगतात, आणि डबा बंदरावर अडला म्हणजे बोल कुरियरवाल्यास लावतात.

दराच्या गोष्टीस आतां वळूं. दरपत्रकांत "किलोस इतके" असें छापलेलें असतें, पण किलो कोणता हें बहुतेकांस ठाऊक नसतें. विमानानें माल नेणाऱ्या कंपन्या खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरांत गुणून त्या गुणाकारास सामान्यतः ५००० नें भागतात. येणारा आंकडा खऱ्या वजनाहून मोठा असेल तर आकार त्याचाच. तीन किलो बेसनाचे लाडू २०, २० व १५ सेंटिमीटरांच्या डब्यांत बसले, तर भागाकार येतो १.२, म्हणून पैसे तीन किलोंचेच पडतात. तोच तीन किलो चिवडा चुरडूं नये म्हणून ४०, ३० व ३० च्या खोक्यांत सैल भरला, कीं हिशेब होतो ७.२ किलोंचा! चिवड्याबरोबर चार किलोंहून अधिक हवा आपण भाडें भरून साता समुद्रांपलीकडे पाठवीत असतों. ह्यांत कंपनीची लबाडी नाहीं, कारण विमानांत जागाच महाग. परंतु दोन कंपन्यांच्या किलोमागच्या दरांची तुलना करून स्वस्त-महाग ठरविणाऱ्यानें खोक्याचें माप आधीं घ्यावयास नको काय?

पावती कोणाच्या नांवाची, हेंही पाहिलें पाहिजे. गल्लींतला दुकानदार आपल्या शिक्क्याची चिठ्ठी देतो, माल दुसराच नेतो आणि परदेशांत घरपोंच करणारा तिसराच असतो. हरवल्यावर तिघेही एकमेकांकडे बोट दाखवितात. रस्त्यानें होणाऱ्या मालवाहतुकीच्या २००७ च्या कायद्यानें कुरियर संस्थांनाही सार्वजनिक वाहकांत गणलेलें आहे. पण नोंदणीच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आंत लेखी नोटीस दिली नाहीं तर त्या कायद्याखालीं दावा चालत नाहीं. आमचे तात्या तोंपर्यंत टेलिफोनच करीत बसलेले असतात.

"दोन दिवसांत पोंच" ह्या जाहिरातीची भूलही अशीच. ती शहरांपुरती खरी असते. आत्याबाईंच्या वाडीचें नांव काढलें कीं ज्यादा आकार मागतात, किंवा तालुक्याच्या गांवीं येऊन माल घेऊन जा म्हणतात. तेथें टपालखात्यास तोड नाहीं. देशांत त्याच्या दीड लाखाहून अधिक कचेऱ्या आहेत व त्यांतल्या सुमारें नव्वद टक्के खेड्यापाड्यांत. आज खासगी कंपन्याही ज्या सहा आंकडी पिनकोडावर आपलें जाळें उभारतात, तो १५ ऑगस्ट १९७२ रोजीं ह्याच खात्यानें सुरू केला. आणि त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृत कवि होते, हें आमच्या वाचकांस कळवितांना आम्हांस थोडा अभिमान वाटला तर तो क्षम्य समजावा.

परंतु टपालखात्याची आरती ओवाळण्याचाही आमचा विचार नाहीं. हरवल्याची वा उशिराची जबाबदारी सरकारवर नाहीं, हें कलम १८९८ च्या कायद्यांत होतें. १८ जून २०२४ पासून अमलांत आलेल्या नव्या कायद्यानें पत्रें नेण्याची मक्तेदारी सोडून दिली, हें संरक्षण मात्र सोडलें नाहीं. खात्याच्या नियमांतून जें मिळेल तेवढेंच मिळावयाचें. २०२५ सालीं तर अमेरिकेनें लहान पार्सलांवरची जकातमाफी काढून घेतली आणि आमच्या खात्यानें २५ ऑगस्टपासून तिकडचें बहुतेक टपाल थांबविलें. थोड्याच दिवसांत पत्रें व लहान भेटीही अडल्या. तें पुन्हां सुरू झालें १५ ऑक्टोबरला, म्हणजे लक्ष्मीपूजनास अवघे सहा दिवस उरले असतां. ज्यांना कुरियरचें भाडें झेपत होतें त्यांचे लाडू पोंचले. ज्यांचा सारा भरंवसा टपालावर होता, त्या निवृत्त शिक्षकांनीं व विधवा मातांनीं काय करावयाचें होतें?

पुस्तकांच्या बाबतींत खात्याचें वर्तन आम्हांस विशेष खटकतें. छापील पुस्तकांसाठीं असलेली नोंदणीकृत सवलतीची सोय डिसेंबर २०२४ मध्यें कांहीं गाजावाजा न होतां बंद झाली. मराठी प्रकाशकांतले लहान लहान लोक ज्या थोड्या आधारांवर उभे होते, त्यांतला एक गेला. ओरड झाल्यावर १ मे २०२५ पासून "ज्ञान पोस्ट" आलें. सुरुवातीस त्याचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये व पांच किलोंपर्यंत १०० रुपये, वर कर, असा ठरला. माल जमिनीवरूनच जातो, पण त्याचा माग काढतां येतो. स्वस्त आणि भरंवशाचें म्हणून ज्याचा शोध चालला आहे, तें निदान पुस्तकांपुरतें येथें आहे. मात्र खिडकीवर नांव घेऊन मागितल्याशिवाय तें आपण होऊन कोणी पुढें करील, अशी आशा वाचकांनीं धरूं नये. लाडवांना तें लागू नाहीं.