इंग्रजी विद्येचे ऋण नेमके कोणाचे?

आपल्या चळवळीच्या सभासंमेलनांत एक विधान वारंवार ऐकू येते. इंग्रज आले नसते तर आपल्या हाती पाटी-पेन्सिल आली नसती, असे ते विधान आहे. काही मंडळी त्यापुढे जाऊन लॉर्ड मेकॉलेचा जन्मदिवसही साजरा करतात. या भावनेमागील वेदना आम्ही जाणतो. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्याने अक्षराचे उपकार स्मरावेत यात वावगे काही नाही. तथापि इतिहासाचे अध्यापन करणाऱ्यांनी येथे एक प्रश्न विचारलाच पाहिजे. समता, मानवी हक्क आणि धर्मचिकित्सा हे विचार इंग्लंडमधून आपल्याकडे आले हे खरे. पण इंग्लंडमधील कोणाकडून आले? आमचे मत असे, की ते तेथील राज्यकर्त्यांकडून आलेले नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हेच विचार छापले व विकले म्हणून त्या राज्यकर्त्यांनी आपल्याच देशातील कारागिरांना, स्त्रियांना आणि फेरीवाल्यांना तुरुंगात डांबले होते. तो इतिहास आपल्या मुलांना फारसा सांगितला जात नाही. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने तो थोडक्यात मांडत आहोत.

आरंभ टॉमस पेनपासून केला पाहिजे. 1737 साली थेटफर्ड या गावी जन्मलेला पेन मूळचा स्त्रियांच्या कंचुक्या शिवणारा कारागीर होता. पुढे तो अबकारी खात्यात नोकरीला लागला. फ्रेंच राज्यक्रांतीवर एडमंड बर्क याने 1790 साली कडाडून टीका केली आणि सामान्य जनतेचा उल्लेख डुकरांचा कळप अशा अर्थाच्या शब्दांत केला. त्यास उत्तर म्हणून पेनने 'राइट्स ऑफ मॅन' हा ग्रंथ 1791 व 1792 या वर्षी दोन भागांत प्रसिद्ध केला. माणसाचे हक्क राजाने दिलेले नसून जन्मसिद्ध आहेत आणि एका पिढीला पुढच्या पिढ्यांना बांधून ठेवण्याचा अधिकार नाही, हा त्याचा गाभा होता. दुसऱ्या भागात त्याने वृद्धांना निर्वाहवेतन आणि गरीब मुलांच्या शिक्षणासाठी सरकारी साहाय्य यांची योजनाही मांडली. सरकारला ग्रंथापेक्षा त्याच्या स्वस्त आवृत्त्या अधिक खटकल्या. 1792 च्या डिसेंबरात पेन फ्रान्समध्ये असताना, त्याच्या गैरहजेरीत, त्याला राजद्रोहाबद्दल दोषी ठरवण्यात आले. यानंतर त्याने बायबलची चिकित्सा करणारा 'एज ऑफ रीझन' लिहिला. 1809 साली तो अमेरिकेत मरण पावला. त्याचे ग्रंथ मात्र इंग्लंडमध्ये पुढे आणखी काही दशके लोकांना तुरुंगात पाठवीत राहिले.

गरिबाने वाचावे की नाही, हाच त्या काळातील उच्चवर्गीयांपुढचा प्रश्न होता. हॅना मोर या धर्मनिष्ठ लेखिकेने गरीब मुलांसाठी रविवारच्या शाळा काढल्या. त्यांत वाचन शिकवले जाई. लेखन मात्र नाही. बायबल वाचता आले म्हणजे पुरे, अशी ती धारणा होती. 1807 साली प्रत्येक पॅरिशमध्ये शाळा काढण्याचे विधेयक सॅम्युअल व्हिटब्रेड याने मांडले. तेव्हा डेव्हिस गिडी या सभासदाने त्यास विरोध केला. शिक्षणाने गरीब माणूस आपल्या स्थितीचा तिरस्कार करू लागेल, वरिष्ठांशी उद्धट होईल आणि राजद्रोही पत्रके वाचील, असा त्याचा युक्तिवाद होता. ते विधेयक उमरावांच्या सभागृहात फेटाळले गेले. शूद्राने वेद ऐकू नयेत असे सांगणाऱ्या आपल्याकडील शास्त्रकारांची ज्याला ओळख आहे, त्याला हा युक्तिवाद परका वाटणार नाही. इंग्लंडमध्ये या विषमतेला वर्णव्यवस्थेचे धर्मशास्त्र नव्हते, हा भेद मोठा आहे. परंतु ज्ञानाची भीती एकाच जातकुळीची होती.

16 ऑगस्ट 1819 रोजी मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्ड या मैदानावर सुमारे साठ हजार लोक मताधिकाराच्या मागणीसाठी निःशस्त्र जमले होते. त्यांच्यावर घोडेस्वार घालण्यात आले. पंधराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि शेकडो जखमी झाली. वॉटर्लूच्या लढाईची विटंबना म्हणून लोकांनी या हत्याकांडाला पीटरलू हे नाव दिले. सरकारने त्याच वर्षी सहा कायदे संमत केले. त्यांपैकी एकाने स्वस्त राजकीय पत्रांवर प्रत्येक अंकामागे चार पेन्सचा मुद्रांक कर बसवला. एक-दोन पेन्सला मिळणारे पत्र मजुराच्या आवाक्याबाहेर जावे, हा त्याचा उघड हेतू होता.

पीटरलूच्या व्यासपीठावर रिचर्ड कार्लाइल नावाचा एक तरुण उपस्थित होता. तो पत्र्याची भांडी घडवणारा कारागीर होता आणि आता पुस्तके छापून विकत होता. पेनचे बंदी घातलेले ग्रंथ त्याने पुन्हा छापले. त्याच्यावर धर्मनिंदेचा खटला झाला, तेव्हा बचावाच्या भाषणात त्याने 'एज ऑफ रीझन' संपूर्ण वाचून दाखवला. शिक्षा झाली तीन वर्षे कैद आणि पंधराशे पाउंड दंड. दंड न भरल्याने तो डॉर्चेस्टरच्या तुरुंगात 1825 पर्यंत सहा वर्षे राहिला. त्याच्या मागे पत्नी जेन दुकान चालवू लागली. तिलाही कैद झाली. मग बहीण पुढे आली. तिलाही तुरुंगात जावे लागले. यानंतर देशाच्या निरनिराळ्या भागांतून स्वयंसेवक येऊन दुकानात उभे राहू लागले. एक पकडला गेला की दुसरा त्याची जागा घेई. नॉटिंगहॅमची सुझॅना राइट ही लेसचे काम करणारी स्त्री 1822 साली तान्ह्या मुलासह तुरुंगात गेली. विक्रेता ओळखू येऊ नये म्हणून दुकानात एक यंत्र बसवण्यात आले. गिऱ्हाइकाने तबकडीवरील काटा हव्या त्या पुस्तकाच्या नावावर फिरवावा, पैसे टाकावे आणि पुस्तक खाली यावे, अशी ती योजना होती. वाचनाचा हक्क मिळवण्यासाठी माणसे काय काय करतात, याचे याहून बोलके उदाहरण आम्हास ठाऊक नाही.

याच डॉर्चेस्टरच्या तुरुंगात 1820 साली रॉबर्ट वेडरबर्न हा आणखी एक कैदी आला. जमैकातील एका गुलाम स्त्रीच्या पोटी, स्कॉटिश मळेवाल्यापासून तो जन्मला होता. लंडनमध्ये तो शिंपीकाम करी आणि एका गवताच्या माळ्यावर सभा घेऊन गुलामगिरी व जमीनदारी या दोहोंविरुद्ध बोले. त्यालाही धर्मनिंदेबद्दलच दोन वर्षांची शिक्षा झाली. 1824 साली त्याने गुलामगिरीच्या भीषणतेवर स्वतःच्या अनुभवाचे पुस्तक प्रसिद्ध केले. 1833 च्या कायद्याने ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी संपुष्टात आणली, तेव्हा दोन कोटी पाउंडांची भरपाई गुलामांच्या मालकांना मिळाली. गुलामांना काहीच मिळाले नाही. मुक्तीचे श्रेय कायदा करणाऱ्यांना देताना वेडरबर्नसारख्यांचे नाव आपण विसरतो.

त्या काळच्या कवींचीही येथे परीक्षा झाली. तरुणपणी क्रांतीचे गोडवे गाणारा रॉबर्ट साउदी 1813 साली राजकवी झाला. त्याने 1794 मध्ये शेतकऱ्यांच्या बंडावर लिहिलेले 'वॉट टायलर' हे नाटक विरोधकांनी 1817 साली परस्पर छापले. ते थांबवण्यासाठी साउदी न्यायालयात गेला. लॉर्ड चॅन्सेलर एल्डन याने मनाई हुकूम नाकारला, कारण राजद्रोही लेखनाला कायदा मालकीहक्काचे संरक्षण देत नाही. परिणामी ते नाटक कोणीही छापू शकत होता. शेलीच्या 'क्वीन मॅब' या निरीश्वरवादी काव्याचेही असेच झाले. 1813 साली त्याच्या थोड्याच प्रती खाजगीरीत्या निघाल्या होत्या. 1817 साली एल्डननेच शेलीला त्याच्या मुलांचा ताबा नाकारला, त्या खटल्यात हे काव्य त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढे आले. 1821 पासून मात्र त्याच्या अनधिकृत स्वस्त आवृत्त्या निघाल्या आणि पुढच्या काळात ते कामगार चळवळीतील घराघरांत वाचले गेले. दडपण्यासाठी वापरलेल्या कायद्यानेच पुस्तक स्वस्त केले. बायरनसारख्या उमरावाने 1812 साली उमरावांच्या सभागृहातील आपल्या पहिल्याच भाषणात, यंत्रे मोडणाऱ्या विणकरांना फाशी देणाऱ्या विधेयकाला विरोध केला, हेही नोंदवले पाहिजे. तरीही हे विचार टिकले ते केवळ कवींच्या प्रतिभेमुळे नव्हे. ते छापणारा, पाठीवर वाहणारा आणि निरक्षर सोबत्यांना मोठ्याने वाचून दाखवणारा वर्ग निर्माण झाला, म्हणून ते टिकले.

1831 ते 1835 या काळात हेन्री हेदरिंग्टनने 'पुअर मॅन्स गार्डियन' हे एक पेनीचे पत्र मुद्दाम मुद्रांक न लावता चालवले. कायद्याविरुद्ध हे पत्र काढत आहोत, असे तो अंकावरच छापी. अशी पत्रे विकणाऱ्या शेकडो लोकांना शिक्षा झाल्या. अखेर 1836 साली कर चार पेन्सवरून एक पेनीवर आला आणि 1855 साली तो पूर्णपणे गेला.

आता मेकॉलेकडे वळू. त्याच्यावर अन्याय होऊ नये, म्हणून प्रथम त्याच्या बाजूचे सांगतो. ज्यू लोकांवरील निर्बंध उठवावेत यासाठी तो बोलला, 1832 च्या सुधारणा कायद्याला त्याने पाठिंबा दिला आणि 1847 साली लोकशिक्षणावर सरकारने पैसा खर्च करावा अशी बाजू त्याने मांडली. भारतातील फौजदारी संहितेचा मसुदाही त्याच्याच नेतृत्वाखाली तयार झाला. परंतु 1832 च्या कायद्याने मध्यमवर्गाला मत मिळाले आणि कामगार बाहेरच राहिले. 1842 साली तेहतीस लाखांहून अधिक सह्यांचा चार्टिस्टांचा अर्ज पार्लमेंटपुढे आला, तेव्हा सार्वत्रिक मताधिकार संपत्तीला व सुसंस्कृत जीवनालाच घातक आहे, असे सांगून त्यास विरोध करणारा मेकॉलेच होता. 1835 च्या त्याच्या टिपणातही जनसामान्यांना शिकवण्याची कल्पना नाही. राज्यकर्ते आणि प्रजा यांच्यामध्ये दुवा होईल असा एक लहानसा वर्ग तयार करावा, एवढेच त्याने सुचवले. त्या वर्गात आमचे पूर्वज नव्हते.

मुंबई इलाख्यात तर हे धोरण अधिकच स्पष्ट होते. आपल्या एका टिपणात माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने लिहिले, की मिशनऱ्यांना सर्वांत खालच्या जातींतील मुले उत्तम विद्यार्थी वाटतात, तथापि त्यांना उत्तेजन देताना सरकारने सावध असावे. शिक्षण प्रथम त्यांच्यात रुजले तर ते वर पसरणार नाही. 1856 साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. त्याची मागणी न्याय्य आहे हे मान्य करूनही मुंबई सरकारने ती नाकारली. हे दोन्ही दाखले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली सायमन कमिशनला सादर केलेल्या निवेदनात दिले आहेत. इंग्रजी राज्याचे मोल बाबासाहेब जाणत होते, पण त्याचा हिशेब मांडताना त्यांनी कोणतीही सवलत दिली नाही. आपणही देऊ नये.

आणि या सर्वांच्या मधोमध, एल्फिन्स्टनच्या टिपणानंतर दोन-अडीच दशकांनी, पुण्यातील एका माळ्याच्या मुलाच्या हाती पेनचा 'राइट्स ऑफ मॅन' आला. जोतीराव फुल्यांनी तो मित्रांसह वाचला आणि 1848 साली मुलींची शाळा काढली. जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते, पण पेन हा काही कोणत्याही सरकारचा किंवा मिशनचा पाठ्यलेखक नव्हता. विद्या वरच्यांना दिली की ती खाली झिरपते, हे धोरण त्यांनी 1882 साली हंटर कमिशनपुढे खोडून काढले आणि सरकारी पैसा प्रथम प्राथमिक शिक्षणावर खर्च व्हावा अशी मागणी केली. गिडी, मेकॉले आणि एल्फिन्स्टन यांना दिलेले ते आपले उत्तर आहे, असे आम्ही मानतो.

हा इतिहास आजच्या निवासी शाळेच्या कामाचा आहे, कारण झिरपण्याचे ते धोरण नव्या वेषात पुन्हा येत आहे. आपल्या मुलांना इंग्रजी यावी, संगणक यावा, नोकरी मिळावी, एवढ्यावर आपण समाधान मानू लागलो आहोत. या गोष्टी हव्याच आहेत. परंतु वाचन शिकवावे आणि प्रश्न विचारायला शिकवू नये, ही हॅना मोरची शाळा होती. ती आपली असू शकत नाही. आमची सूचना साधी आहे. वसतिगृहाच्या ग्रंथालयात स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांशेजारी पेन, फुले आणि बाबासाहेब यांचे ग्रंथ असावेत. आठवड्यातून एक सायंकाळ ते मोठ्याने वाचले जावेत आणि मुलांनी त्यांच्याशीही वाद घालावा. ज्यांनी हे ग्रंथ छापण्या-विकण्यासाठी तुरुंगवास पत्करला, त्या पत्रेकारागिरांची, लेस विणणाऱ्या स्त्रियांची आणि फेरीवाल्यांची नावे मेकॉलेच्या नावाआधी मुलांना ठाऊक असावीत. इंग्रजी विद्येचे ऋण फेडायचेच असेल, तर ते त्यांचे फेडले पाहिजे.